कतारला नदी नाही म्हणे!

आधी भूगोल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कतारमध्ये नदी नाही. एकही नाही. नदी सोडा, ओढासुद्धा नाही. पाऊस कधीतरी हिवाळ्यात येतो, रस्त्यावर साचतो, सगळे गाड्या थांबवून व्हिडिओ काढतात, आणि मग टँकर येऊन तो पाऊस उचलून घेऊन जातात. खरंच सांगतेय! आणि तरीही मी गेल्या शुक्रवारी कतारच्या उत्तरेला एका नदीत, मुखापासून टोकापर्यंत, वल्हं मारत जाऊन आले. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी माझे सँडल येऊन बघावेत. तीनदा धुतले, चिखल निघत नाहीये.

अल हिलाल, खोक्यांचं घर

हे सगळं सानूमुळे झालं. सानू म्हणजे माझ्या दादाची मुलगी, चौथीत आहे, जन्म दोह्यातला. दादा मेसईदला एका कारखान्यात होता. 'होता' म्हणायचं कारण त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढचं मिळालं नाही, आणि येत्या शुक्रवारी दादा, वहिनी, सानू, तिघंही कायमचे पुण्याला चाललेत. मी इथे आयटीत, छोट्या कॉन्ट्रॅक्टवर, दोह्यातल्या अल हिलालला त्यांच्याच फ्लॅटमध्ये, सानूच्या खोलीत माझं अंथरूण. ते गेले की मी अल वक्राला मुलींच्या शेअरिंगमध्ये जाणार. तर घरात सध्या सगळीकडे खोकी आहेत. सोफ्यावर खोकी, बाथरूमच्या दारात खोकी. आणि त्या खोक्यांमधून सानू दादाशी एक शब्द न बोलता फिरते. जाणार हे कळलं त्या दिवसापासून अबोला! दादा विचारतो, "सानू, ही पुस्तकं न्यायची का?" सानू माझ्याकडे बघून म्हणते, "आतू, टेल हिम यस."

त्यात शाळेनं प्रोजेक्ट दिलं. विषय 'माय रिव्हर'. प्रत्येकानं आपल्या नदीबद्दल वर्गात बोलायचं, स्वतः बघितलेल्या नदीबद्दल, नकाशा काढून. वर्गात कोणी केरळचं, कोणी ढाक्याचं, एक मुलगी कैरोची, तिच्याकडे तर नाईलच आहे, तिला काय! सानू उभी राहून म्हणाली, माझी नदी कतारची, कारण मी इथे जन्मले. सगळा वर्ग हसला. मिस चांगल्या आहेत, त्यांनी प्रेमानं सांगितलं की बाळा, इथे नदी नाही, तू इंडियातली घे.

"पण मी इंडियातली पाहिलीच नाहीये प्रॉपर," सानू मला म्हणाली. "ओन्ली फ्रॉम द कार. आय वॉज स्लीपिंग." आणि मग, "आतू, सगळे कुठून तरी आहेत. जायचंच असेल तर मला पण कुठून तरी जायचंय."

माझे बाबा, म्हणजे सानूचे आजोबा, तिथेच बसलेले. बाबा व्हिजिट व्हिसावर आलेत, सामान बांधायला मदत करायला, आणि वहिनीनं त्यांच्याकडून ते काम दुसऱ्याच दिवशी काढून घेतलं, कारण त्यांनी कुकर आणि देवाचे फोटो एका खोक्यात घातले. तेव्हापासून ते बेकार. गुहागरकडे आमच्या गावच्या खाडीत बाबांनी सगळा जन्म होडी चालवली, या काठावरची माणसं त्या काठावर नेली. ते एकदम सरळ होऊन बसले.

"नदी नाय तर नाय. समुद्र आहे ना? मग खाडी असणारच. खाडी म्हणजे अर्धी नदीच गो."

"हाफ रिव्हर?" सानूनं विचारलं.

"हाफ तर हाफ. हाफ हसतील मग."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी नेल्सनला विचारलं. नेल्सन वसईचा, आमच्या सपोर्ट टीममध्ये, दोन मुलांचा बाप, आणि दर शुक्रवारी रबराच्या फुगवायच्या कयाकमधून मासे पकडायला जाणारा. (पकडतो किती ते विचारू नका.) माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "अल धखीरा! बाय, तुला अल धखीरा माहीत नाय? वरती, अल खोरच्या पुढे. वाळवंटात जंगल आहे. पाण्यात उभं जंगल! आणि मधून खाडी जाते आत, वळत वळत, एकदम नदीसारखी. टोकापर्यंत मी पण कधी गेलो नाय."

टोकापर्यंत कोणी गेलं नाही! मला तर तिथेच, पँट्रीत, मायक्रोवेव्हसमोर उडी मारावीशी वाटली.

उत्तरेकडे

शुक्रवारी नेल्सन गाडी घेऊन खाली आला. मागे दोन कयाक गुंडाळून ठेवलेल्या. बाबांनी त्या बोटानं दाबून बघितल्या.

"यात बसायचं? फुग्यात?"

"काका, मजबूत आहे."

"फुगा तो फुगाच. टाचणी सोबत घेऊ नको हं सानू."

सानूनं मोठा ड्रॉइंग पेपर घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतला होता, मार्कर घेतले होते, आणि तोंड अगदी गंभीर. रविवारी वर्गात बोलायचं, पुढच्या शुक्रवारी विमान. म्हणजे एवढा एकच दिवस होता तिच्याकडे. तिला ते बरोबर माहीत होतं, आणि म्हणून आम्हा सगळ्यांनाही.

उत्तरेकडचा रस्ता सरळ, इतका सरळ की नेल्सननं स्टिअरिंग हलवलंच नाही असं वाटलं. दोन्ही बाजूंना पिवळट, दगडी, सपाट. बाबा खिडकीतून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "कुणीतरी सगळं आवरून ठेवल्यासारखं आहे." मग पेट्रोल पंपावर कडक. आपल्या चहाचा थोरला भाऊ, वेलची आणि आटवलेलं दूध, छोट्या कागदी कपात. सोबत इथे 'चपाती' मिळते. बाबांनी ती उघडून बघितली. आत चीज, वर बटाट्याच्या वेफर्सचा चुरा, वर लाल तिखट सॉस.

"ही चपाती?"

"काका, इथली चपाती अशीच," नेल्सन म्हणाला.

"मग तुमच्याकडे पराठ्यात काय घालतात, आइस्क्रीम?" पण खाल्ली. दुसरी पण खाल्ली.

आता इथे ते घडलं ज्याच्यामुळे पुढचं सगळं घडलं. मी फोन काढला आणि म्हटलं, भरती-ओहोटीचं ॲप असतं ना, बघूया का? तर पुढच्या सीटवरून बाबा आणि ड्रायव्हिंग सीटवरून नेल्सन, दोघंही एकदम हसले. एकदम! जणू मी पाण्याला ओलावा आहे का हे ॲपमध्ये बघत होते.

"तिथी काय आज?" बाबांनी विचारलं.

"चतुर्थी," नेल्सन म्हणाला. तो कॅथलिक माणूस, घरात वेदी आणि क्रूस, पण तिथी त्याला पाठ! "माझा आजा अर्नाळ्याला मासे मारायचा, काका. चर्चचं कॅलेंडर एका भिंतीला आणि तिथीचं दुसऱ्या."

"शाब्बास. मग किती?"

"तिथीची पाऊणपट. चार पाऊण तीन. तीनला पूर्ण भरती."

"तीनला पूर्ण भरती!" बाबांनी टाळी दिली. कोकणचा आणि वसईचा, दोन्ही खाड्यांचा हिशोब जुळला. आपल्या किनाऱ्यावर हे गणित सगळ्यांना येतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आणि कधी चुकत नाही. म्हणजे दुपारी पाणी वाढत असणार, आम्ही वाढत्या पाण्याबरोबर आत शिरणार, टोकाला पोचणार, आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर बाहेर. किती सोपं! मी फोन पर्समध्ये टाकला. सानूनं मागून विचारलं, "पण मून आणि कतारचा काय संबंध?" तोवर नेल्सननं गाडी सुरू केली होती.

मुख

अल धखीरा गावातून पुढे गेलो, कच्चा रस्ता लागला, आणि मग एकदम, कुठलीही सूचना न देता, हिरवं! मी ओरडले. खरंच ओरडले. सगळा दिवस डोळ्यांना पिवळं बघायची सवय झालेली, आणि समोर गडद हिरवी झाडं पाण्यात पाय सोडून उभी. पाणी काचेसारखं, तळ दिसतोय. वाळूच्या पट्टीवर दोन-तीन कुटुंबं गालिचे टाकून बसलेली, शेगडीवर काहीतरी भाजतंय. दूर फ्लेमिंगो! गुलाबी! एका पायावर!

बाबा मात्र झाडाकडे गेले, पान तोडलं, मागे उलटं करून बघितलं, आणि चक्क चाटलं.

"तिवर!" ते ओरडले. "अगो, हे तर आपलं तिवर!"

मी पण चाटलं. खारट! पानावर मिठाचे बारीक कण दिसतात. झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानातून बाहेर टाकतं. मुळं चिखलातून वर बोटं काढून श्वास घेतात, हजारो बोटं, गावच्या खाडीत असतात तश्शीच. बाबांनी परदेशात येऊन दोन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं त्या झाडाच्या खोडावर थोपटलं.

"सानू, लिही. मुखाजवळ तिवरं. दोन्ही काठांना."

सानूनं मांडीवर पेपर ठेवून मुख काढलं. निळा मार्कर. मग कयाक फुगवल्या, लाइफ जॅकेट घातली, बाबा आणि सानू एका कयाकमध्ये, मी आणि नेल्सन दुसरीत. बाबांनी वल्हं हातात घेतलं, दोनदा पाण्यात घातलं, आणि ती रबरी होडी अशी सरळ निघाली की नेल्सन म्हणाला, "अरे बापरे." आम्ही दोघं मात्र पहिली पाच मिनिटं गोल गोल फिरलो.

आणि ती खाडी! कशी सांगू! वळण, मग वळण, मग परत वळण. दोन्ही बाजूंना झाडं इतकी जवळ की बोलणंसुद्धा हळू होतं. खेकडे, एवढेसे, एक हात मोठा आणि एक छोटा, बिळाच्या दारात उभे राहून जणू रागावताहेत. बगळा आमच्याकडे बघून कंटाळला आणि उडाला. झाडांच्या शेंड्यावरून मागे बघितलं तर वाळवंट, लगेच तिथेच, पडद्याच्या मागे असल्यासारखं. एका ठिकाणी खाडीला फाटा फुटला तर सानू म्हणाली, "ट्रिब्युटरी!" आणि मी म्हटलं "उपनदी!" आणि तिनं ते मराठीत पण लिहून घेतलं.

मग ती म्हणाली, "आजोबा, पानं समुद्राकडे चाललीयत."

"कुठली पानं?"

"पाण्यावरची. लूक. आपण वर जातोय, ती खाली."

बाबांनी बघितलं. "वारा आहे गो. उत्तरेचा."

"काका, वारा आहे," नेल्सननं पण दुजोरा दिला.

वारा अजिबात नव्हता.

पाणी खलास

पुढच्या वळणावर तळ जरा जास्तच स्पष्ट दिसायला लागला. त्याच्या पुढच्या वळणावर कयाकच्या पोटाला खालून कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखं झालं. आणि मग खर्रर्र. थांबलो.

"उतरतो, ढकलतो," नेल्सन म्हणाला आणि उतरला, आणि मांडीपर्यंत आत गेला. मी त्याला कॉलर धरून ओढलं, तो आडवा कयाकवर पडला, आणि त्याची एक चप्पल चिखलानं गिळली. गुप्! असा आवाज आला. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. मग मी आजूबाजूला बघितलं आणि हसायची थांबले. काठांवरची मुळं मघाशी पाण्यात होती, आता पूर्ण उघडी. पाणी जात होतं. स्पष्ट दिसेल असं, घाईघाईनं, समुद्राकडे. मधोमध एक हातभर रुंद ओहळ उरलेला आणि आमच्या दोन रंगीत कयाक चिखलात, वाटीत पडलेल्या गोळ्यांसारख्या.

पलीकडच्या काठावर वाळू होती. तिथे एक पांढरी मोठी जीप, गालिचा, आणि एक वयस्क कतारी गृहस्थ, झगा गुडघ्यापर्यंत उचलून काठाशी येऊन उभे. बराच वेळ आमच्याकडे बघत असावेत.

"पानी खलास!" ते हिंदीत ओरडले. इथल्या जुन्या माणसांना हिंदी छान येतं. "सुबह फुल था. अभी खलास! क्यों आया?"

आता याचं उत्तर काय द्यायचं? चार पाऊण तीन?

"फिर कब आएगा?" मी ओरडून विचारलं.

"अस्र के बाद. इन्शाल्ला. बैठो!" म्हणजे दुपारच्या नमाजनंतर. आणि मागून कुणीतरी बाई खूप हसली, आणि ते गृहस्थ गालिच्याकडे जाऊन संत्री घेऊन आले आणि चिखलावरून आमच्याकडे फेकायला लागले! नेल्सननं पहिलं झेललं, दुसरं झेललं, तिसरं माझ्याकडे आलं आणि चिखलात रुतलं, अर्धं वर, सूर्य मावळताना दिसतो तसं. "शुक्रन!" आम्ही ओरडलो. त्यांनी हात हलवला आणि ते परत गालिच्यावर जाऊन बसले, आमच्याकडे तोंड करून. आम्ही म्हणजे त्यांचा शुक्रवारचा कार्यक्रम झालो होतो.

हे सगळं मजेचं. पण सानू पेपरकडेच बघत होती. तिनं पेपरवर शेवटचं वळण काढलं होतं, त्यापुढे सगळा पांढरा कागद. तिनं मार्करचं टोपण लावलं. अगदी सावकाश. मग पेपरची घडी केली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मी गोदावरी करते. फ्रॉम द इंटरनेट."

मला रडूच आलं जवळजवळ. आणि बाबांचं तोंड! त्यांनी वल्हं आडवं मांडीवर ठेवलं होतं आणि पाण्याकडे असं बघत होते जणू कुणी जवळच्या माणसानं चारचौघांत ओळखच दाखवली नाही.

"आयुष्यात चुकला नाय हा हिशोब," ते म्हणाले. "इथं चंद्र वेगळा आहे काय?"

"चंद्र तोच, काका," नेल्सन म्हणाला. "समुद्र वेगळा."

(घरी येऊन मी शोधलं. आपला अरबी समुद्र मोकळा. हे आखात म्हणजे उथळ ताट, आत यायला वाट एकच, तीही अरुंद. ताटात पाणी घेऊन ताट हलवलं की पाणी कसं काठाकाठानं फिरतं, तशी इथली भरती फिरते. प्रत्येक गावाची वेळ निराळी. आणि काही दिवशी तर दोनच्या ऐवजी मोठी भरती एकदाच! ॲपमध्ये सगळं होतं. अर्थात.)

पान

मग बसलो. काय करणार! नेल्सनच्या बायकोनं फुगे दिले होते. रबराचे नाहीत हो, खायचे, वसईचे, गोल, तळलेले, किंचित गोड. त्याबरोबर वहिनीची सुक्या जवळ्याची चटणी. एका कयाकमधून दुसरीत डबा वल्ह्यावर ठेवून पास केला. चिखलाच्या मधोमध, उन्हात टोप्या घालून, संत्री सोलत, आयुष्यातलं सगळ्यात भारी जेवण. पलीकडचे गृहस्थ अधूनमधून विचारत होते, "फ्रेंड, ओके?" आणि आम्ही "ओके!"

सानूनं फक्त एक फुगा घेतला आणि हातात धरून बसली.

बाबांनी ते बघितलं. काठावरच्या झाडाला वल्ह्यानं ओढून त्यांनी मूठभर पानं काढली आणि तिच्या ओंजळीत दिली.

"एक टाक त्या ओहळात."

सानूनं टाकलं. पान समुद्राकडे निघून गेलं.

"आता थोड्या वेळानं दुसरं टाक. हळू जातंय का बघ. मग तिसरं. पान थांबेल. थांबलं की मला सांग."

"तुम्हीच बघा ना, आजोबा."

"मी नाय. माझं डोकं अजून गावच्या खाडीत आहे. मघाशी तू बोललीस पानं उलटी चाललीत म्हणून, आणि मी वारा सांगितला. आता तू बघायचंस, आम्ही ऐकायचं. हा नेल्सन पण ऐकेल."

"ऐकतो, कॅप्टन," नेल्सन म्हणाला.

सानू पोटावर आडवी झाली, हनुवटी कयाकच्या काठावर, आणि पानं सोडायला लागली. पान, मग पान, मग पान. पहिली भरभर. नंतरची रमतगमत. बाबा टोपी तोंडावर घेऊन पडले, पण झोपले नाहीत, पायाचा अंगठा हलत होता. मी फोटो काढले. नेल्सननं चपलेसाठी दोनदा वल्ह्यानं खोदून बघितलं, सापडली नाही. दूर बांग ऐकू आली, गावातून, वाऱ्याशिवाय, अगदी हलकी. पलीकडचे गृहस्थ नमाजला उभे राहिले.

आणि मग सानूचा आवाज, एकदम बारीक. "थांबलं."

आम्ही सगळे वाकलो. पान खरंच थांबलं होतं. ओहळाच्या मधोमध, कुठेही न जाता. आजूबाजूला कसलाही आवाज नाही. खेकडेसुद्धा थांबल्यासारखे. मग पान हळूच स्वतःभोवती वळलं, देठ इकडचं तिकडे झालं, आणि ते आमच्याकडे यायला लागलं. आमच्याकडे! वर! वाळवंटाच्या दिशेनं!

"इट्स कमिंग बॅक!" सानू ओरडली. "आतू! तेच पान! सेम लीफ! ते परत येतंय!"

काय सांगू, मी टाळ्या वाजवत होते, नेल्सन शिट्टी मारत होता, आणि पलीकडून ते गृहस्थ नमाज आटपून ओरडले, "देखा? आया! यल्ला!"

टोक

पाणी जसं गेलं तसंच आलं, चोरपावलांनी. आधी ओहळ दोन हात झाला, मग कयाक जरा हलली, मग तरंगली.

"आता परतूया," नेल्सन म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. ऊन उतरत होतं, आणि परत जाताना पाणी समोरून येणार होतं.

बाबा म्हणाले, "कॅप्टनला विचार."

सानूनं घडी उघडली. मार्करचं टोपण काढलं. "अप," ती म्हणाली.

आणि आम्ही गेलो! वल्हं मारायचीसुद्धा गरज नव्हती फारशी, पाणीच आम्हाला आत नेत होतं. वळणं लहान झाली, खाडी अरुंद, मग इतकी अरुंद की दोन्ही काठांची झाडं एकदम हाताला लागत होती. मग झाडंच बुटकी झाली, खांद्याएवढी, कमरेएवढी, गुडघ्याएवढी, आणि मग झाडंच नाहीत. समोर फक्त मिठाचा पांढरा पापुद्रा, सपाट, क्षितिजापर्यंत, आणि त्यावर आमच्या खाडीचं टोक.

हे टोक मी विसरणार नाही. सारवलेल्या अंगणात तांब्या कलंडला की पाणी कसं बोटं काढत पुढे सरकतं? तसं. आमच्या डोळ्यांदेखत. जमीन इथे टणक होती. सानू उतरली, अनवाणी, आणि त्या टोकाशी पालथी पडून बघायला लागली. पाण्याचं एक बोट पुढे आलं, एका रिकाम्या बिळात शिरलं, बुडबुडे आले, बीळ भरलं, बोट परत पुढे.

"आतू, नदी इथे संपते की सुरू होते?"

"संपते," नेल्सन म्हणाला.

"ओहोटीला इथून सुरू होते, भरतीला इथे संपते," बाबा म्हणाले.

सानूनं विचार केला. मग तिनं पेपरवर टोक काढलं. मान वर करून बघितलं तर टोक पुढे गेलेलं. तिनं रेघ वाढवली. परत बघितलं. परत पुढे! तिला हसू यायला लागलं. ती रेघ वाढवत राहिली, पाणी सरकत राहिलं, आणि शेवटी तिनं रेघ तशीच उघडी सोडली आणि बाण काढले. एक खाली जाणारा, एक वर येणारा.

परत येताना पाणी तोंडावर. माझे दोन्ही हात गेले कामातून. बाबा मात्र वल्ह्यागणिक तरुण होत होते, सानूला सांगत होते काठाकाठानं जा, मधे जोर असतो, आणि सानू त्यांना सांगत होती, "आजोबा, डावीकडे जा, पान बघा." आणि ते जात होते. मुखाशी पोचलो तेव्हा फ्लेमिंगो काळे झाले होते, मागे आकाश केशरी.

रविवार

मी ऑफिसातून आले तर सानू दारातच.

"बोललीस?"

"बोलले. मिसनी विचारलं सोर्स कुठे आहे. मी म्हटलं, आफ्टरनूनला इकडे, ईव्हनिंगला तिकडे. कैरोची आहे ना ती म्हणाली, रिव्हर्स डोन्ट डू दॅट. मी म्हटलं, माइन डज."

"आणि मिस?"

"मिस म्हणाल्या, टेक्निकली ती क्रीक आहे, रिव्हर नाही. मी म्हटलं, येस मिस, हाफ रिव्हर. मग म्हणाल्या, मॅप खूप छान आहे, बोर्डवर लावूया, नेक्स्ट इयरची मुलं बघतील."

"मग दिलास?"

"नो! मला लागणारे तो."

नकाशा गुंडाळून रबर लावून तिच्या पाठीवरच्या सॅकमध्ये होता. खोक्यात नाही, विमानात हातात नेणार आहे.

आत दादा खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. बाबा पट्टीचं टोक धरायचं काम करत होते, तेवढं वहिनीनं परत दिलंय. सानू दादासमोर जाऊन उभी राहिली. मी चप्पल काढता काढता थांबले.

"पप्पा, पुण्याची नदी कुठल्या बाजूला जाते?"

दादाचा हात तसाच हवेत. किती तरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. मधे मी नाही, 'टेल हिम' नाही.

"कुठल्या म्हणजे... पूर्वेकडे. एकाच बाजूला."

"ऑलवेज?"

"ऑलवेज."

"मग परत कधी येते?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे. आणि बाबा, ज्यांच्याकडे कुठल्याही पाण्याबद्दल काही ना काही सांगण्यासारखं असतंच, ते बोटाला चिकटलेली पट्टी सोडवत बसले.

"परत नाही येत ग," दादा हळूच म्हणाला. "ते पाणी गेलं की गेलं. पण मागून नवीन येत राहतं."

"रोज?"

"रोज."

सानूनं खोक्यावर दोन टिचक्या मारल्या.

"ओके. पण मला सुरुवातीपासून बघायची. मधूनच नाही."

"जाऊ ना. अगदी उगमापासून जाऊ. प्रॉमिस."

"प्रॉमिस नको," सानू म्हणाली. "तारीख सांग."

दादानं चिकटपट्टी खाली ठेवली, तिथेच एका खोक्यावर बसला, आणि खिशातून फोन काढून कॅलेंडर उघडलं.